सोपविलेला निर्णय आणि त्याचा कर्ता : इंग्लंडमधील स्थानिक परिषदांच्या मंत्रिमंडळपद्धतीची समीक्षा

स्थानिक स्वराज्य संस्थेचा एखादा निर्णय कोणी घेतला, हा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा वाटतो. ठरावाच्या कागदावर तारीख असते, सभेचे नाव असते, सूचक व अनुमोदक असतात. तेवढ्यावरून निर्णयाचा कर्ता सापडला असे समजण्याची रीत आहे. परंतु एखाद्या रस्त्यावरचे जुने झाड तोडले जाते, एखादे वाचनालय बंद पडते, किंवा परिषदेचा पैसा दूरच्या एखाद्या व्यवसायात गुंतविला जातो, तेव्हा त्या विशिष्ट कृतीमागचा ठराव शोधू गेल्यास पुष्कळदा असे आढळते की, सापडलेला ठराव त्या कृतीविषयीचा नाहीच. ती कृती करावी की करू नये हे ठरविण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाला तरी सोपविल्याचा तो ठराव आहे. मूळ ठराव आणि अखेरची कृती यांच्यामध्ये कधी दोन, कधी तीन हात असतात. इंग्लंडमधील स्थानिक परिषदांत २००० सालच्या कायद्याने आलेल्या मंत्रिमंडळपद्धतीची चर्चा आजवर बहुतांशी ‘समित्या बऱ्या की मंत्रिमंडळ बरे’ या चौकटीत होत आली. पद्धतीचे समर्थक म्हणतात की, पूर्वी निर्णय समित्यांच्या गर्दीत हरवत असे, आता तो नावानिशी दिसतो. विरोधक म्हणतात की, पूर्वी सर्व सभासदांच्या हाती असलेली सत्ता आता दहाजणांच्या हाती गेली. दोन्ही पक्षांचे लक्ष निर्णय जेथे घेतला जातो असे कायदा सांगतो त्या सभागृहावर खिळलेले आहे. वस्तुतः या पद्धतीचे मर्म अधिकार सोपविण्याच्या यंत्रणेत आहे, आणि तिच्याकडे अभ्यासकांनी पुरेशा बारकाईने पाहिलेले नाही.

या यंत्रणेचे स्वरूप समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८३५ च्या म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स कायद्यापासून इंग्लंडमधील नगरपरिषद ही एकसंध संस्था मानली गेली. कायदा करणारे मंडळ वेगळे आणि कारभार पाहणारे मंडळ वेगळे, असा भेद तेथे नव्हता; परिषद हीच धोरण ठरवी, हीच कारभार करी, आणि कामाचा भार वाढला तसतशा तिने समित्या नेमल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या समित्यांची व उपसमित्यांची संख्या इतकी वाढली की, सर जॉन मॉड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६७ च्या आपल्या अहवालात त्यांवर कडक टीका केली, आणि पाच ते नऊ सभासदांचे एक व्यवस्थापक मंडळ असावे, समित्यांनी केवळ विचारविनिमय करावा, दैनंदिन निर्णय अधिकाऱ्यांवर सोपवावेत, अशी शिफारस केली. मंत्रिमंडळाची कल्पना मुळात येथे आहे. परिषदांना ती त्या वेळी मानवली नाही. १९७२ च्या बेन्स अहवालाने मुख्य कार्यकारी अधिकारी आणि धोरण व साधनसंपत्ती समिती असा मधला मार्ग सुचविला, व बहुसंख्य परिषदांनी तो पत्करला.

त्याच वर्षीच्या स्थानिक शासन कायद्याचे १०१ वे कलम प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. त्यानुसार परिषदेला आपले काम समितीवर, उपसमितीवर, अधिकाऱ्यावर किंवा दुसऱ्या स्थानिक संस्थेवर सोपविता येते. या यादीत एका नावाचा अभाव आहे. निवडून आलेल्या एकट्या सभासदावर काम सोपविण्याची तरतूद तीत नाही. नोकरीतल्या अधिकाऱ्याने एकट्याने निर्णय घेतलेला कायद्याला चालतो, लोकांनी निवडलेल्या सभासदाने एकट्याने घेतलेला चालत नाही, अशी ही काहीशी चमत्कारिक स्थिती होती. हिलिंग्डन परिषदेच्या १९८६ च्या प्रकरणात ती न्यायालयापुढे आली. नियोजन समितीच्या अध्यक्षाने एकट्याने दिलेल्या संमतीवर काढलेल्या अंमलबजावणीच्या नोटिसा अधिकारबाह्य ठरल्या. एका माणसाची समिती ही समितीच नव्हे, असा तो निकाल होता.

या निकालावर परिषदांनी जी तोड काढली तिचा परिणाम आजही टिकून आहे. अध्यक्षाला एकट्याने निर्णय घेता येत नाही ना, मग अधिकार अधिकाऱ्याला द्यावा आणि त्याने ‘अध्यक्षांशी विचारविनिमय करून’ निर्णय घ्यावा, असे शब्द ठरावांत येऊ लागले. कायद्याच्या दृष्टीने निर्णय अधिकाऱ्याचा. व्यवहारात शब्द अध्यक्षाचा. सही एकाची व इच्छा दुसऱ्याची, असा हा प्रकार. त्या काळी तो अडचणीतून निघण्याचा मार्ग होता, म्हणून त्याला फारसा दोष देता येत नाही. तथापि पुढे अडचण दूर झाली, मार्ग मात्र राहिला.

अडचण दूर केली ती २००० च्या स्थानिक शासन कायद्याने. १९९८ च्या श्वेतपत्रिकेत शासनाने असे मांडले होते की, समितीपद्धतीत खरा निर्णय सत्ताधारी पक्षाच्या बंद बैठकीत होतो आणि समितीच्या उघड सभेत तो केवळ वाचून दाखविला जातो. तेव्हा निर्णय घेणारे मोजके लोक उघडपणे पुढे आणावेत आणि उरलेल्या सभासदांनी त्यांची छाननी करावी. हे निदान बऱ्याच अंशी बरोबर होते, हे मान्य केले पाहिजे. नव्या कायद्याने पंचाऐंशी हजारांहून कमी लोकसंख्येच्या काही जिल्हा परिषदा वगळता सर्वांना कार्यकारी मंडळ असलेली रचना स्वीकारावयास लावली. नेता धरून या मंडळाचे सभासद दहाहून अधिक असता कामा नयेत, आणि समित्यांना लागू असलेला पक्षीय प्रमाणाचा नियम या मंडळाला लागू नाही. एकाच पक्षाचे मंत्रिमंडळ त्यामुळे कायदेशीर ठरले. २००७ च्या कायद्याने नेत्याचे स्थान आणखी बळकट केले. मंत्रिमंडळात कोण असावे व कोणाकडे कोणते काम असावे हे ठरविण्याचा अधिकार परिषदेकडून निघून नेत्याकडे आला. पुढे २०११ च्या कायद्याने परिषदांना समितीपद्धतीकडे परत जाण्याची मुभा दिली. पण जेथे मंत्रिमंडळ राहिले तेथे नेत्याचे हे स्थान तसेच राहिले.

आता अधिकाराची उतरंड अशी आहे. कार्यकारी स्वरूपाचे सर्व काम प्रथम नेत्याचे. ते त्याने स्वतः करावे, किंवा संपूर्ण मंत्रिमंडळाकडे, मंत्रिमंडळातील एका सभासदाकडे, मंत्रिमंडळाच्या समितीकडे अथवा अधिकाऱ्याकडे सोपवावे. ज्याच्याकडे काम आले त्याने, नेत्याची मनाई नसेल तर, ते आणखी खाली सोपवावे: मंत्रिमंडळाने आपल्या समितीकडे किंवा अधिकाऱ्याकडे, एकट्या सभासदाने अधिकाऱ्याकडे. सोपविल्याने सोपविणाऱ्याचा मूळ अधिकार नष्ट होत नाही. त्याला वाटल्यास तो काम पुन्हा आपल्या हाती घेऊ शकतो. अंदाजपत्रक व धोरणाची चौकट संमत करणे हे पूर्ण परिषदेचे काम आहे, आणि नियोजनाची परवानगी, परवाने देणे अशी निवाड्याच्या स्वरूपाची कामे २००० सालच्या नियमांनी मंत्रिमंडळाच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. बाकीचे जवळजवळ सारे या उतरंडीवरून खाली येते.

‘मंत्रिमंडळ’ हा शब्द येथे उसना आणलेला आहे, आणि उसन्या शब्दाबरोबर मूळ संस्थेचे सारे गुण येतातच असे नाही. मध्यवर्ती शासनात अधिकाऱ्याने मंत्र्याच्या नावाने घेतलेला निर्णय हा मंत्र्याचाच निर्णय, हे तत्त्व कार्ल्टोना कंपनीच्या १९४३ च्या खटल्यापासून रूढ आहे. अधिकारी हा कायद्याच्या दृष्टीने मंत्र्याचाच हात. म्हणून तेथे संसदेत उत्तर मंत्री देतो. स्थानिक परिषदेत असे नाही. तेथील अधिकारी मंत्रिमंडळाचा नोकर नसून संपूर्ण परिषदेचा नोकर आहे. त्याला दिलेला अधिकार तो स्वतःच्या नावाने वापरतो आणि निर्णय त्याचाच ठरतो. याचा अर्थ असा की, परिषदेच्या मंत्रिमंडळाने काम अधिकाऱ्याकडे सोपविले म्हणजे केवळ श्रम सोपविले जात नाहीत, निर्णयाचे कर्तृत्वही सोपविले जाते. लंडनमधील मंत्र्याविषयीची जबाबदारीची कल्पना मनात ठेवून जो नागरिक आपल्या परिषदेच्या मंत्रिमंडळाकडे पाहतो, त्याची येथे फसगत होते.

या फसगतीला ‘विचारविनिमय करून’ या जुन्या शब्दांनी हातभार लावला आहे. २००० नंतर एकट्या सभासदाला निर्णय घेण्याचा अधिकार कायद्याने मिळाला. तेव्हा अधिकाऱ्याच्या आडून बोलण्याचे कारण संपले होते. तरीही मंत्रिमंडळांच्या ठरावांत आजही पानोपानी ‘संबंधित खात्याच्या सभासदाशी विचारविनिमय करून संचालकांनी पुढील निर्णय घ्यावा’ अशा अर्थाचे वाक्य भेटते. या वाक्याचे आकर्षण कशात आहे ते पाहण्याजोगे आहे. निर्णय बिघडला तर सभासद म्हणू शकतो की, आपला केवळ सल्ला घेतला होता. अधिकारी म्हणू शकतो की, सभासदाच्या संमतीनेच सारे झाले. विचारविनिमय झाला म्हणजे नेमके काय झाले, सभासदाने हरकत घेतली असती तर काय झाले असते, याची नोंद ठेवण्याची सक्ती या वाक्यात नाही. दोघांनाही उपयोगी पडणारे आणि तिसऱ्याला, म्हणजे नागरिकाला, निरुपयोगी असे हे वाक्य आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्याने एखाद्या परिषदेच्या मंत्रिमंडळाची एका वर्षाची इतिवृत्ते घेऊन हे वाक्य किती ठरावांच्या शेवटी येते एवढे जरी मोजले, तरी त्या परिषदेविषयी पुष्कळ काही समजेल.

कायद्याने या धोक्याकडे अगदीच दुर्लक्ष केले आहे असे नाही. ‘प्रमुख निर्णय’ ही कल्पना त्यासाठीच योजली गेली. २०१२ च्या नियमांनुसार ज्या कार्यकारी निर्णयामुळे त्या त्या सेवेच्या अंदाजपत्रकाच्या मानाने लक्षणीय खर्च किंवा बचत होईल, अथवा दोन किंवा अधिक प्रभागांतील लोकांवर लक्षणीय परिणाम होईल, तो प्रमुख निर्णय होय. तो कोण घेणार, केव्हा घेणार व कोणत्या कागदपत्रांच्या आधारे घेणार हे किमान अठ्ठावीस दिवस आधी प्रसिद्ध करावे लागते. आणि हे बंधन निर्णय मंत्रिमंडळ घेवो, एकटा सभासद घेवो की अधिकारी घेवो, सर्वांना सारखेच आहे. निर्णय झाल्यावर तो अमलात येण्यापूर्वी छाननी समितीला तो फेरविचारासाठी मागविता येतो. कागदावर ही रचना सुसंगत आहे.

परंतु तिचा सारा भार ‘लक्षणीय’ या एका शब्दावर आहे, आणि लक्षणीय म्हणजे किती हे नियमांनी सांगितलेले नाही. पैशाची मर्यादा प्रत्येक परिषद आपल्यापुरती ठरविते. एका परिषदेत ज्या रकमेचा निर्णय महिनाभर आधी जाहीर करावा लागतो, त्याच रकमेचा निर्णय शेजारच्या परिषदेत अधिकाऱ्याच्या मेजावर निकालात निघतो. ज्याच्यावर नजर ठेवावयाची त्यालाच नजरेची मर्यादा आखू देणे, हा या व्यवस्थेतील पहिला दोष. दुसरा दोष अधिक खोल आहे. नियमाची कल्पना अशी की, निर्णय ही एका क्षणी घडणारी, मोजता येणारी वस्तू आहे. मोठ्या करारांच्या व्यवहारात मात्र निर्णय वर्षानुवर्षे वाहत असतो. पहिल्या दिवशी संमत होणारा करार हा प्रमुख निर्णय. त्यानंतर त्या कराराखाली होणारे हजारो लहान निर्णय, ज्यांतला एकही एकटा घेतला असता लक्षणीय नाही, ते अंमलबजावणी या सदरात मोडतात. नागरिकाला स्पर्श होतो तो मात्र या लहान निर्णयांचा. छाननी समितीलाही निर्णय मागविण्याचा अधिकार आहे, रद्द करण्याचा नाही. आणि जो निर्णय निर्णय म्हणून नोंदलाच गेला नाही तो ती मागविणार तरी कशी?

शेफील्ड शहरातील झाडांचे प्रकरण या संदर्भात मुद्दाम अभ्यासण्यासारखे आहे. २०१२ मध्ये तेथील परिषदेने शहरातील रस्ते, दिवे, पदपथ व रस्त्याकडेची झाडे यांच्या देखभालीसाठी एका खाजगी कंपनीशी पंचवीस वर्षांचा, सुमारे दोन अब्ज पौंडांचा करार केला. रस्ते सुधारणे हे त्याचे उद्दिष्ट, आणि ते वावगे होते असे कोणी म्हणणार नाही. पण कराराच्या पोटात झाडांविषयीही आकडे होते. रस्त्याकडेच्या सुमारे छत्तीस हजार झाडांपैकी १७,५०० झाडे कराराच्या मुदतीत काढून त्यांच्या जागी नवी लावण्याची तरतूद त्यात होती, हे लोकांना कळले ते २०१८ मध्ये, माहितीच्या हक्काखाली झालेल्या मागणीनंतर. तोपर्यंत पाच हजारांहून अधिक झाडे तोडून झाली होती. प्रत्येक झाडाच्या वेळी रहिवाशांना सांगितले जाई की, हे झाड रोगट आहे, किंवा ते पदपथ उचलीत आहे, किंवा दुसरा उपाय उरलेला नाही. प्रश्न एकेका झाडाचा म्हणून मांडला गेला. एकेका झाडाचा प्रश्न मंत्रिमंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेवर येण्याचे कारण उरले नव्हते, आणि सबंध झाडांचा प्रश्न तर कराराबरोबर केव्हाच मिटविलेला होता. रहिवासी ज्या दारावर जात तेथे त्यांना दुसरे दार दाखविले जाण्याची सोय कराराच्या रचनेतच होती.

१७ नोव्हेंबर २०१६ रोजी पहाटे अंधारात, पोलिसांच्या बंदोबस्तात, रस्लिंग्ज रोडवरील झाडे तोडण्यात आली व विरोध करणाऱ्या काही वृद्ध नागरिकांना अटक झाली, तेव्हा हे प्रकरण देशभर गाजले. त्यापूर्वी परिषदेने सल्ल्यासाठी एक स्वतंत्र वृक्षमंडळ नेमले होते. मंडळाने वाचवावीत असे सांगितलेल्या झाडांपैकी बहुसंख्य झाडांच्या बाबतीत तो सल्ला मानला गेला नाही. सर मार्क लोकॉक यांच्या चौकशीचा अहवाल मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. परिषदेने लोकांची दिशाभूल केली, आणि न्यायालयापुढेही दिशाभूल करणारी माहिती ठेवली गेली, असे त्यात आढळून आले. परिषदेला जाहीर क्षमा मागावी लागली. या साऱ्यात एखाद्या अधिकाऱ्याची किंवा सभासदाची वृत्ती किती दोषी हा भाग वेगळा. संस्थात्मक दृष्टीने ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, निर्णय करारात गाडला गेल्यानंतर तो उकरून काढण्याचे उघड साधन मंत्रिमंडळपद्धतीत कोणाजवळच उरले नाही. झाडाखाली उभे राहणे एवढेच साधन लोकांजवळ राहिले.

शेफील्डच्या नागरिकांनी काढलेला निष्कर्ष मात्र रचनेविषयीचा होता. वीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज त्यांनी केला. ६ मे २०२१ रोजी सार्वमत झाले. सुमारे पासष्ट टक्के मते समितीपद्धतीच्या बाजूने पडली, आणि मे २०२२ पासून शहराचा कारभार पुन्हा समित्यांकडे आला. ब्रिस्टलच्या मतदारांनीही २०२२ मध्ये थेट निवडलेल्या महापौराचे पद नाकारले व २०२४ मध्ये तेथे समित्या आल्या. या मतदानामागचा क्षोभ समजण्यासारखा आहे, आणि समितीच्या मेजाभोवती विरोधी पक्षाचा सभासद मतदानाच्या अधिकारानिशी बसलेला असतो हा काही लहान लाभ नव्हे. तथापि समितीपद्धतीत १०१ वे कलम पुन्हा मुख्य होते, आणि त्या कलमाखाली अधिकाऱ्याला अधिकार देण्यास कोणतीच अडचण नाही. पंचवीस वर्षांचा करार रचना बदलल्याने बदलत नाही. समित्यांच्या काळीही निर्णय इतरत्र होत असत म्हणूनच तर मंत्रिमंडळ आणले गेले होते, याचे विस्मरण या वादात सोयीस्करपणे झालेले दिसते.

थरॉक परिषदेच्या प्रकरणात हीच गोष्ट अधिक उघड्या स्वरूपात दिसते. एसेक्समधील ही मध्यम आकाराची परिषद. शासकीय अनुदाने घटत चालली असता उत्पन्नाचा मार्ग म्हणून तिने इतर स्थानिक संस्थांकडून अल्प मुदतीची कर्जे काढून दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकी करण्याचे धोरण पत्करले. धोरणाला निवडलेल्या सभासदांनी मान्यता दिली होती. गुंतवणुकीचे प्रत्यक्ष व्यवहार मात्र मुख्य वित्ताधिकाऱ्याकडे सोपविलेल्या अधिकारात होत. अशा रीतीने एकट्या सौरऊर्जेच्या व्यवसायात साठ कोटी पौंडांहून अधिक रक्कम गेली आणि परिषदेचे कर्ज एक अब्ज पौंडांपलीकडे पोहोचले. पत्रकारांनी व्यवहारांची माहिती मागितली असता ती देण्यास परिषदेने दीर्घकाळ विरोध केला. सप्टेंबर २०२२ मध्ये मध्यवर्ती शासनाने हस्तक्षेप करून वित्तीय कारभार एसेक्स काउंटी परिषदेकडे दिला. डिसेंबरमध्ये १९८८ च्या वित्त कायद्याच्या ११४ व्या कलमाखाली नोटीस निघाली. त्या एका वर्षाची तूट सुमारे सत्तेचाळीस कोटी पौंडांची होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणी अहवालाने अधिकारी व सभासद दोहोंनाही दोष दिला.

सभासदांना का, असे कोणी विचारील. व्यवहार तर अधिकाऱ्याच्या सहीने झाले. येथेच अधिकार सोपविण्याविषयीच्या प्रचलित समजुतीतील उणीव दिसते. सोपविणे ही एकदा करून मोकळे होण्याची क्रिया मानली जाते. कायद्यात सोपविणाऱ्याचा मूळ अधिकार शाबूत ठेवला आहे, याचा अर्थ केवळ अधिकार परत घेता येतो एवढाच केला जातो. पण जो परत घेता येतो त्यावर लक्ष ठेवण्याचे कर्तव्यही सोपविणाऱ्याकडेच राहते, हा त्याच तरतुदीचा दुसरा अर्थ फारसा कोणी वाचीत नाही. थरॉकमध्ये अधिकार दिला गेला. परत काय आले, किती आले, केव्हा आले, हे सांगण्याची बांधीव व्यवस्था दुबळी राहिली. अधिकार खाली जाण्याच्या वाटेविषयी इंग्लंडचा कायदा तपशिलाने बोलतो, माहिती वर येण्याच्या वाटेविषयी त्यामानाने फार थोडे बोलतो. अधिकाऱ्याने घेतलेल्या कार्यकारी निर्णयाची कारणांसह लेखी नोंद ठेवण्याचे बंधन २०१२ च्या नियमांत आहे, आणि २०१४ च्या नियमांनी ते इतर काही निर्णयांपर्यंत वाढविले आहे. पण निर्णय कोणता आणि केवळ प्रशासकीय कृती कोणती, हे ठरविणारा पुन्हा तोच अधिकारी.

याला एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. मोठ्या परिषदेत दर दिवशी शेकडो निर्णय होतात: एका वृद्धेला घरपोच मदत किती तास द्यावी, एका मुलाला कोणत्या पालनगृहात ठेवावे, रस्त्यावरील एक खड्डा आज बुजवावा की उद्या. हे सर्व मंत्रिमंडळापुढे आणणे अशक्य आहे, आणि आणले तर अनिष्टही ठरेल. व्यक्तीच्या प्रकरणात राजकीय सभासदाने हात घालू नये हेच इष्ट. हा आक्षेप मान्य करूनही असे म्हणता येते की, त्यातील उदाहरणे आणि शेफील्डचा करार ही एका जातीची नव्हेत. वृद्धेच्या मदतीचे तास ठरविणारा अधिकारी एक जाहीर निकष लावीत असतो. तो निकष कोणी ठरविला हे सांगता येते व तो बदलून मागता येतो. झाडांच्या बाबतीत निकषच जाहीर नव्हता. म्हणून निर्णय सोपविण्याजोगा आहे की नाही हे पैशाच्या आकड्यावरून ठरविण्यापेक्षा, ज्या निकषाने तो घेतला जाणार तो सोपविणाऱ्याने उघडपणे मांडला आहे की नाही यावरून ठरविणे अधिक सयुक्तिक होईल. निकष मांडून सोपविलेला मोठा निर्णयही सुरक्षित असू शकतो; निकषावाचून सोपविलेला लहान निर्णय पुढे किती मोठा होईल याचा नेम नसतो.

महाराष्ट्रातील वाचकाला या चर्चेत एक ओळखीचा सूर ऐकू येईल. मुंबईच्या नगरकारभाराची घडी बसत असताना, १८७१ मध्ये, फिरोजशहा मेहता यांनी कार्यकारी सत्ता एखाद्या समितीकडे किंवा मंडळाकडे देण्यास विरोध करून ती एका जबाबदार अधिकाऱ्याकडे असावी व लोकनियुक्त सभेने त्याच्यावर नियंत्रण ठेवावे, असे मत मांडले होते. आर्थर क्रॉफर्ड यांच्या आयुक्तपदाच्या कारकिर्दीतील उधळपट्टीने लोक संतप्त असताना हे मत मांडणे धाडसाचे होते. मंडळाच्या हाती सत्ता दिली की दोष कोणाचा हे सापडत नाही, हा त्यामागील विचार. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात व पुढे १९४९ च्या प्रांतिक कायद्यात हीच रचना रुजली: कार्यकारी सत्ता आयुक्ताची, मंजुरी स्थायी समितीची व महापालिकेची. १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे इंग्रजी मंत्रिमंडळाशी साम्य असलेली महापौर परिषद आणून पाहिली गेली व दुसऱ्याच वर्षी ती मोडीत निघाली. इतक्या अल्प काळातील प्रयोगावरून पद्धतीविषयी अनुमान काढणे धाडसाचे ठरेल. मेहतांच्या विचारातील दुसरा अर्धा भाग, म्हणजे नियंत्रण ठेवणारी सभा, नाहीसा झाला तर काय उरते, हे मात्र २०२२ नंतर पाहावयास मिळाले. मार्चमध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, निवडणूक तीन वर्षांहून अधिक काळ लांबली, आणि त्या काळात प्रस्ताव मांडणारा आयुक्त व तो मंजूर करणारा प्रशासक ही एकच व्यक्ती होती. तेथे निर्णयाचा कर्ता अगदी स्पष्ट होता. त्याला प्रश्न विचारण्याची जागा नव्हती. कर्ता ठाऊक असणे आणि त्याला जाब विचारता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इंग्लंडमधील श्वेतपत्रिकेच्या लेखकांनी १९९८ मध्ये पुरेसे ध्यानात घेतले असते, तर नेत्याला दृश्य करण्याइतकेच छाननी समितीला समर्थ करण्याकडे त्यांचे लक्ष गेले असते.

इंग्लंडमध्ये हा वाद पुन्हा रचनेच्याच अंगाने पुढे सरकला आहे. जुलै २०२५ मध्ये पार्लमेंटात मांडलेल्या विधेयकाच्या मूळ मसुद्यात समितीपद्धती संपवून परिषदांना पुन्हा नेता व मंत्रिमंडळ या रचनेकडे नेण्याची तरतूद होती. समित्यांमुळे निर्णयाला विलंब होतो आणि जबाबदारी विखुरते, हे १९९८ चेच कारण तिच्या समर्थनार्थ दिले गेले. शेफील्ड व ब्रिस्टल येथील मतदारांनी सार्वमताने दिलेला कौल असा बाजूला सारता येतो काय, हा प्रतिवादही लगोलग आला. या दोहोंपैकी कोणतीही रचना राहिली, तरी शेफील्डचा २०१२ चा करार मूळ मुदतीनुसार २०३७ पर्यंत चालावयाचा आहे, आणि त्याखालील दर दिवसाचे निर्णय कोणत्या निकषांवर, कोणाच्या सहीने होतात, हे त्या परिषदेच्या अधिकारपत्रकातच पाहावे लागेल.